अस्प्रोनेरीच्या चौकातला ट्रक

स्टामाता या नावाचा अर्थ 'थांब'. दक्षिण ग्रीसमधल्या आमच्या डोंगरातल्या गावांत एकीपाठोपाठ एक मुलीच व्हायला लागल्या, की नव्या पोरीचं हेच नाव ठेवायचे. म्हणजे वर देवाला निरोप पोचायचा, बाबा रे, आता पुरे. लिनार्दोस काकांच्या पाचव्या मुलीच्या बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांनी नाव विचारलं, तेव्हा काकांना विचार करावा लागलाच नाही. त्यानंतर मुलगा झाला, फोतिस. गाव म्हणालं, नाव लागू पडलं.

तर ही 'थांब' नावाची बाई कलामाताहून पर्यटनाची बस चालवते, आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून माईकवर बोलते. मी मेल्पो, गाईड. स्टामाता ठेंगणी, रुंद खांद्यांची, साठीला टेकलेली. तिचा नवरा बेकरीत असतो. ती पहाटे निघते तेव्हा तो भट्टीवरून परत येत असतो, आणि दारातच तिच्या हातात तीळ लावलेल्या पावाच्या गरम कड्यांची पिशवी देतो. त्यातली एक कडी माझी. डेपोतले ड्रायव्हर तिला चिडवायचे, "काय, आज 'थांब' निघाली वाटतं?" ती आरसा पुसत म्हणायची, "मी थांबते म्हणून तर लोक उतरून परत चढतात. तुमच्या गाडीतून उतरलेली माणसं टॅक्सी शोधतात."

एकच गोष्ट तिनं मला कधी हसून सांगितली नाही.

लिनार्दोस काकांचा एक निळा ट्रक होता. अस्प्रोनेरी या त्यांच्या गावातून जे काही बाजारात जायचं, म्हणजे बटाटे, अक्रोड, चीजचे डबे, शेळ्या, ते सगळं त्या ट्रकमधून. स्टामाता सतरा वर्षांची असताना काका छपराची कौलं लावताना पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. बटाट्याचा हंगाम अगदी तोंडावर होता. फोतिस लहान, त्यात घाटातलं वळण आलं की डोळे मिटणारा. मग स्टामातानं ट्रक काढला. लायसन्स नव्हतं, पण त्या घाटात विचारणारंही कोणी नव्हतं. ते वर्षभर तिनं सगळ्या गावाचा माल खाली नेला. पुढच्या उन्हाळ्यात काका काठी टेकत चौकात आले, तिच्या अॅप्रनच्या खिशातून किल्ली काढून घेतली, म्हणाले, "झालं आता," आणि ती फोतिसच्या हातावर ठेवली. स्टामाताला शिवणाच्या क्लासला घातलं.

फोतिसनं काही वर्षं ट्रक चालवला, मग मेलबर्नला निघून गेला. जाताना ट्रक चौकात लावून गेला. काका म्हणाले, असू दे, परत आला की लागेल. तेव्हापासून ट्रक तिथंच होता. टायर बसले, काचा गेल्या, मग त्यात कोंबड्यांनी घर केलं.

हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, आरशात बघून बस मागं घेता घेता. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मागं कोणी उभं आहे का बघ."

पुढं चाळिशीनंतर तिनं मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. काकांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "तुला बस देणारा मालक शहाणा आहे ना?" दर पंधरा दिवसांनी ती आपल्या छोट्या गाडीतून त्यांची औषधं घेऊन वर जाते, सूप करून ठेवते, नखं कापून देते. पण काका तिच्या गाडीत कधी बसले नाहीत. डॉक्टरकडं जायचं तर किराणावाल्याच्या गाडीची वाट बघत बसायचे. नको असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "आज मला कुठं जायचंच नाही."

तो ऑक्टोबरातला रविवार होता. कलामातातल्या ज्येष्ठ मंडळींच्या क्लबाची सहल होती. आधी मेगालोपोलीचं प्राचीन नाट्यगृह, मग करितेनाचा किल्ला, आंद्रित्सेनाला जेवण आणि शेवटी डोंगरमाथ्यावरचं अपोलोचं देऊळ. परदेशी पाहुण्यांपेक्षा मला आपली म्हातारी मंडळी जास्त आवडतात. ती माझं ऐकत नाहीत, पण खायला देतात. क्लबाच्या अध्यक्ष फेव्रोनियाबाई गळ्यात शिट्टी अडकवून आल्या होत्या. खिडकीवरून भांडण झालं की शिट्टी, कोणी झोपलं की शिट्टी.

मेगालोपोलीला दगडी पायऱ्यांवर सगळे उन्हात बसले. मी सांगत होते की हजारो माणसं इथं नाटक बघायची, तोवर अर्ध्यांनी डबे उघडलेसुद्धा.

"हजारो?" सारांतिस काकांनी विचारलं. हे जुने मेकॅनिक, नखांतलं काळं निवृत्तीनंतरही गेलेलं नाही. "मग लघवीला कुठं जायची?"

फेव्रोनियाबाईंनी शिट्टी फुंकली. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर मलाही येत नव्हतं.

आंद्रित्सेनाला झऱ्यावर पाणी प्यालो, बोकडाचं मटण झालं, आणि वर निघालो तर दुसऱ्याच वळणावर पोलिसानं हात केला. आदल्या रात्रीच्या पावसानं दरड खाली आली होती. पलीकडं बुलडोझर घरघरत होता.

"संध्याकाळपर्यंत काही खरं नाही," पोलीस म्हणाला.

बसमध्ये गलका झाला. फेव्रोनियाबाई उठून पुढं आल्या. "मी सुनेला सांगून आलेय. ते देऊळ बघितल्याशिवाय मी मरणार नाही."

"मग बघूच नका, बाई," सारांतिस मागून म्हणाले. "अमर व्हाल. सून काय ते बघून घेईल."

मी स्टामाताकडं वळले. "दुसरा रस्ता आहे का गं?"

तिनं थर्मासमधला चहा संपवला, झाकण लावलं. "आहे."

"कुठून?"

"आमच्या गावावरून. दरडीच्या वरच्या अंगाला निघतो."

"बस जाईल?"

"बटाटे जायचे," ती म्हणाली आणि गाडी वळवली.

तो रस्ता म्हणजे चेस्टनटच्या झाडांमधून काढलेली डांबराची एक चिंधी. एका बाजूला ओलं नेचं काचेला घासत होतं, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं, नुसती दरी. प्रत्येक वळणाला बायका छातीवर क्रूस काढत होत्या. स्टामाता मात्र एका हातानं कडी खात होती. तिला असं निवांत मी फार कमी वेळा पाहिलंय. वळण दिसायच्या आधीच तिचे हात वळत होते.

अस्प्रोनेरीत आता धुराड्यातून धूर निघणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. चौकात एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं कॉफीचं दुकान, आणि दोघांच्या मधोमध तो ट्रक. निळा रंग कुठं कुठं उरला होता. शेजारी खुर्ची टाकून लिनार्दोस काका बसले होते, टोपी घातलेले, काठीवर दोन्ही हात. नव्वदीचा माणूस, पण आवाज शेळ्या हाकणाऱ्याचा.

"एवढी मोठी गाडी घेऊन इकडं कुठं?"

स्टामाता खाली उतरली. "रस्त्यावर दरड पडलीय, बाबा. खांबांकडं जायचंय." त्या देवळाला इकडची माणसं खांबच म्हणतात. "ट्रक जरा बाजूला घ्यावा लागेल."

"ट्रक फोतिसचा आहे."

"हो."

"त्याला न विचारता कसा हलवायचा?"

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि ऐकायला सगळी बस होती. पण ती म्हणाली, "बरं. मग मी गाडी मागं घेते," आणि खरंच बसकडं वळली. त्या चिंधीएवढ्या रस्त्यावरून सगळी वळणं उलटी उतरायची तयारी होती तिची.

तोवर मंडळी पाय मोकळे करायला उतरली होती. फेव्रोनियाबाई सरळ काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता शिट्टी.

"मुलगा कुठं असतो तुमचा?" त्यांनी विचारलं.

"मेलबर्नला."

"येणार आहे?"

"येणारच आहे."

"कधीपासून येणार आहे?"

ट्रकच्या खिडकीतून एक कोंबडी बाहेर आली, आमच्याकडं बघून परत आत गेली.

फेव्रोनियाबाई चर्चच्या पायरीवर बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "माझा धाकटा टोरांटोला आहे. त्याची खोली मी अगदी तशीच ठेवली होती. चादरसुद्धा बदलायची नाही. मी आपली अंधाऱ्या बोळात बसून शिवायची, आणि तिथं दक्षिणेचं ऊन रिकाम्या पलंगावर पडायचं. एक दिवस मशीन उचललं आणि त्याच्या खोलीत नेलं. आठवडाभर रडले. मग नाताळला तो आला, बैठकीत गादी टाकून झोपला. म्हणाला, आई, बरं केलंस, इथून टीव्ही दिसतो."

काकांनी काठी जमिनीवर रोवली. मग उठले, हळूहळू घरात गेले. मला वाटलं, रागावून गेले. पण दाराआडच्या खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा आवाज आला आणि ते किल्ली घेऊन बाहेर आले.

"किल्लीचा काय उपयोग, इंजिन कधीच मेलंय," सारांतिस म्हणाले. तोवर ते कोट काढून गाडीखाली शिरलेसुद्धा होते. "ब्रेक गंजलाय. तेल आणा कुणीतरी!"

तेल कुठलं आणायचं? एका आजीनं सॅलडसाठी आणलेली ऑलिव्ह तेलाची बाटली पुढं केली. "घरच्या झाडांचं आहे हो," असं तीनदा बजावून. सारांतिसनी ठोकलं, ओतलं, शिव्या दिल्या, पुन्हा ओतलं. शेवटी खालून आवाज आला, "सुटला! आता कोणीतरी स्टीयरिंगवर बसा, आम्ही ढकलतो."

काकांनी दाराला हात घातला. पाय उचलला, पण मांडी वर जाईना. पुन्हा प्रयत्न केला. मग ते तसेच उभे राहिले, दाराला धरून. सगळे इकडं तिकडं बघायला लागले.

त्यांनी मान न वळवता किल्लीचा हात मागं केला. स्टामातासमोर.

"तू बस."

तिनं किल्ली घेतली.

"डावीकडं ओढतो तो," काका म्हणाले.

"माहितेय."

"उताराला लागला की आधीच..."

"माहितेय, बाबा. वर्षभर मीच चालवत होते."

काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "कोण चालवत होतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या वर्षी एक बटाटा सडला नाही."

स्टामाता आत चढली. कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या. क्लबातले सगळे पुरुष, आणि पुरुषांपेक्षा जास्त बायका, मागून लागल्या. फेव्रोनियाबाईंच्या शिट्टीवर ढकलायचं ठरलं. पहिल्या शिट्टीला काहीच नाही. दुसऱ्या शिट्टीला ट्रक कण्हला. तिसऱ्याला तो उपटल्यासारखा निघाला आणि बसलेल्या टायरवर खडखडत चर्चच्या भिंतीकडं गेला. स्टामातानं तो अक्रोडाच्या झाडाखाली असा आणून सोडला, की सारांतिसनी चाकाखाली दगड लावायच्या आधीच तो थांबला होता. ती जागची हलली नाही. दोन्ही हात स्टीयरिंगवर, केसांत पिसं, समोर बघत बसून होती. आम्ही कोणी हाक मारली नाही. ट्रक जिथं उभा होता तिथं खाली पिवळ्या गवताचा चौकोन उरला होता, आणि सीटमागं ढीगभर अंडी सापडली.

बस चौकातून निघाली तेव्हा भिंत आणि आरसा यांच्यात पुठ्ठ्याच्या जाडीएवढी जागा होती. पलीकडं जाऊन ती थांबली. सारांतिसनी दारातून हाक मारली, "लिनार्दोस काका, चला की! तुमच्याच खांबांकडं जातोय."

"मला कुठं जायचंय?" काका म्हणाले. पण ते दारापर्यंत आले होते. "वळणापर्यंत येतो. तिथून चालत परत येईन."

दोघांनी त्यांना वर चढवलं. ते सरळ माझ्या खुर्चीवर बसले. मी मुकाट्यानं मागं गेले. वळण आलं आणि गेलं. ना त्यांनी थांब म्हटलं, ना स्टामातानं विचारलं.

"दुसरा गिअर टाक," ते म्हणाले.

"टाकलाय."

"मग ठीक आहे."

माथ्यावरचं देऊळ गेली कित्येक वर्षं मोठ्या पांढऱ्या तंबूखाली आहे, वारा-पावसानं दगड झिजू नयेत म्हणून. काकांनी लहानपणी तिथं शेळ्या चारल्या होत्या, पण तंबू लागल्यापासून ते आले नव्हते. आत शिरताच ते थबकले. कापडातून गाळलेल्या उजेडात ते करडे खांब जवळजवळ ओलसर वाटत होते.

"हे काय? आजारी माणसाला पांघरूण घातल्यासारखं?"

"डागडुजी चाललीय, काका," मी म्हटलं. "एकेक खांब सरळ करताहेत."

"वेळ लागेल."

"लागेल."

त्यांनी मान हलवली. मग काठीनं एक कोपरा दाखवला. "तिथं मी पावसात झोपायचो. शेळ्याही. सगळ्यांना एकच वास यायचा." आणि पहिल्यांदाच हसले. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. माझ्या भाषणाला एवढी गर्दी कधी झाली नाही.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. दर रविवारी तिकडच्या रात्रपाळीतून फोतिसचा फोन येतो. काकांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. अख्ख्या तंबूत मेलबर्न घुमलं.

"बाबा, कुठं आहात? कसला आवाज येतोय?"

"खांबांपाशी."

"खांबांपाशी? कसे गेलात?"

"स्टामाताच्या गाडीतून." काकांनी घसा खाकरला. "फोतिस, तुझा ट्रक हलवला. गाडीला वाट पाहिजे होती."

मग फोतिस म्हणाला, "बाबा, एक सांगू? मला त्या ट्रकची भयंकर भीती वाटायची. दर फेरीला मी वाटेत थांबून ओकायचो. तो तिलाच द्यायला पाहिजे होतात."

"आत्ता सांगतोस हे?"

"तुम्ही विचारलं कधी?"

फोन त्यांच्या हातात तसाच उघडा राहिला. स्टामाता तंबूच्या दोराजवळ पाठ करून उभी होती. तिनं डोळे बाहीनं पुसले, आली, वडलांच्या हातातून फोन घेतला.

"फोतिस," ती म्हणाली, "जेवलास का?"

परतताना दरड निघाली होती, हमरस्ता मोकळा होता. तरी बस अस्प्रोनेरीवरूनच आली. काकांना सोडायचं होतं आणि अंड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. तो बायकांनी सोडवला. कॉफीच्या दुकानाची किल्ली काकांकडंच होती. चूल पेटली, मोठ्या कढईत अंडी पडली, शेजारच्या घरातून कोणी भाकरी आणली, कोणी पाकातले अक्रोड. गावातल्या एक आजी, ज्या चर्चशिवाय कुठं जात नाहीत, दारात येऊन म्हणाल्या, "आज कुणाचा सण आहे?" सारांतिसनी त्यांना खुर्ची दिली. उजेड होता तोवर आम्ही निघालो.

स्टामाता त्या दिवसाबद्दल माझ्याशी फारसं बोलली नाही. कलामाताला गाडी लावल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांचा गुडघा सुजणार उद्या. मलम न्यायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी घेऊन गेलीच. आणि त्याच आठवड्यात काका तिच्या छोट्या गाडीतून डॉक्टरकडं गेले. किराणावाला अजून विचारतो, म्हातारा रुसला की काय.

त्या हिवाळ्यात सारांतिस दोनदा हत्यारं घेऊन वर गेले. इंजिन काही जिवंत झालं नाही. खरं तर तिथं जेवायलाच जातात ते. वसंतात मी मालकाला सांगून देवळाच्या सगळ्या सहली अस्प्रोनेरीवरून वळवल्या. बसच्या दिवशी कॉफीचं दुकान उघडतं. काका कॉफी करतात, सगळ्यांना सारखीच, प्रमाणाबाहेर गोड, आणि मग आमच्याबरोबर खांबांकडं येतात. चर्चवाल्या आजी अक्रोड विकतात. गेल्या महिन्यात त्यांची नात अथेन्सहून आली आणि उन्हाळाभर राहून दुकान बघू का म्हणून विचारून गेली.

परवा आम्ही गेलो तेव्हा वाटेत शेळ्यांचा कळप लागला आणि उशीर झाला. काका चौकाच्या तोंडाशीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, काठी बगलेत. दार उघडताच कडाडले.

"ही वेळ आहे यायची? पाहुणे ताटकळलेत तिकडं खांबांपाशी!"

"पाहुणे गाडीत आहेत, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "हात दे."

तिनं ब्रेक ओढला, उठून पायरीपर्यंत आली आणि त्यांना वर घेतलं. मी माझी खुर्ची आधीच रिकामी केली होती.